न वाजलेली डबी

माझा धाकटा भाऊ फौजेतून हवालदार होऊन परत आला, तेव्हा आईची अपेक्षा फार मोठी नव्हती. त्यानं तासगावात एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसावं आणि संध्याकाळी वेळेवर घरी यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यानं यारी घेतली. यारी म्हणजे विहिरीतला गाळ आणि दगड वर ओढणारी क्रेन. काठावर इंजिन, पुढे लोखंडी हात, त्यावरून सुटलेला तारेचा दोर आणि टोकाला बादली. बादली म्हणजे आंघोळीची नव्हे, दोन माणसं आत उभी राहतील एवढी. तासगावच्या पूर्वेकडच्या आमच्या कोरड्या मुलखात उन्हाळा लागला की या यारीला उसंत नसते. पाणी खाली जातं आणि माणूस त्याच्या मागे मागे जातो.

मला दिली इस्लामपूरला. तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी साहाय्यक आहे, बावीस वर्षं झाली. पोरं रीडिंग आधी लिहितात आणि प्रयोग नंतर करतात, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळतं, आणि मग मी त्यांना सोडत नाही. माझी जीभ तिखट आहे असं सासर-माहेर दोन्हीकडे एकमत आहे. बाकी कशावर त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

भाऊ विहिरीत उतरतो याचं भय मला आधी नव्हतं. ते आदल्या उन्हाळ्यात बसलं. शेजारच्या गावात दोघं गेले. विहीर खोल, तळाला पाणी, आणि इतक्या खोलातून काठावरचं इंजिन पाणी ओढू शकत नाही, म्हणून आमच्याकडे करतात तसं त्यांनी डिझेल इंजिनच विहिरीत सोडलं होतं. आत खडकाचा टप्पा असतो, त्यावर ते ठेवतात आणि चालवतात. पाणी उपसून झालं, इंजिन बंद झालं, गडी गाळ काढायला उतरला आणि खाली बसला तो बसलाच. त्याला आणायला दुसरा उतरला. उतरण्याआधी त्यांनी कंदील सोडून बघितला होता. कंदील चांगला जळत होता, हे सगळे मला पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू त्यात त्या दोघांचीच काही चूक होती.

कंदिलाची रीत खोटी नाही. जुन्या विहिरीत कोंडलेली हवा असली तर दिवा विझतो आणि माणूस सावध होतो. पण इंजिनाच्या धुरातला विषारी वायू दिव्याला काही करत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. दिवा जळत राहतो आणि त्याच्या उजेडात माणूस मरतो. हे मी भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आमी इंजिन बंद केल्यावर दुपारपतोर थांबतो, लिंबाचा डहाळा दोराला बांधून वरखाली करतो, हवा हलती राहते, कमरंला दोर असतो, आणि पहिला मी उतरतो. ते खरं होतं. पहिली बादली भरेपर्यंत खाली तो एकटाच असे, बाकीच्यांना तो उतरू देत नसे. फौजेतलं शिकून आलेला होता. मला तेवढ्यानं धीर आला नाही.

म्हणून मी डबी करायला घेतली. तो वायू ओळखणारा सेन्सर मिळतो, सुपारीएवढा. वायू वाढला की भोंगा वाजायचा, एवढंच काम. अडचण विजेची होती. विहिरीत न्यायला बारा व्होल्टची बॅटरी सोयीची, आणि सेन्सरला लागतात बरोबर पाच. मध्ये बारांचे पाच करणारा तुकडा बसवावा लागतो. स्टेप-डाऊन कन्व्हर्टर म्हणतात त्याला. आगपेटीहून लहान हिरवी पट्टी, त्यावर तांब्याचं वेटोळं, आणि एक निळा चौकोनी ठोकळा. ठोकळ्यावर पितळेचा इवलासा स्क्रू असतो. तो फिरवत बसायचं आणि मीटरवर बघायचं, आपल्याला हवे तेवढे व्होल्ट येईपर्यंत.

तसल्या चार तुकड्यांचं पाकीट मागवलं. पहिल्या तुकड्याचा स्क्रू पंधरा वेढे फिरवला तरी आकडा हलेना, मग एकदम हलला आणि पाचावर आला. मी खूश. सेन्सर जोडला, आणि चहा ठेवायला गेले तेवढ्यात वास आला. तुकडा आतून मेला होता आणि बॅटरीचे बाराच्या बारा सरळ पुढे गेले होते. सेन्सर जळाला. दुसरा तुकडा मोकळा असताना पाच दाखवायचा, पण मोटारसायकलचा एक बल्ब जोडला की लगेच खाली यायचा. काम नसताना सगळे ताठ असतात, हे मी घरातही बघितलेलं आहे. तिसरा आणि चौथा चांगले निघाले. तिसरा डबीत घातला, चौथा मोडतोडीसाठी जपून ठेवला.

मग मी त्याला नऊ दिवस छळलं. प्रयोगशाळेच्या टेबलावर, घरच्या गच्चीवर भर दुपारी पत्र्याखाली, बॅटरी उतरत आलेली असताना, दिराच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर इंजिन चालू करून. प्रत्येक तासाला आकडा वहीत. पाच, पाच, चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव, पाच. निळ्या ठोकळ्यावरचा स्क्रू हलू नये म्हणून मुलीच्या नेलपॉलिशचा थेंब त्यावर टाकला. शेवटी शेगडीत निखारे फुलवले, शेगडी पत्र्याच्या पिंपात ठेवली, वर डबी टांगली आणि झाकण लावलं. चार मिनिटांत डबी अशी ओरडली की शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. चौदा पानं भरली आहेत आणि त्यात ओल हा शब्द कुठेही नाही.

पाडव्याला डबी घेऊन माहेरी गेले. त्या दिवशी यारीची पूजा असते. गुढी उभारून झाली की यारीच्या लोखंडी हाताला आंब्याचा डहाळा बांधतात, इंजिनाला हार घालतात, दोराला, पहारीला, फावड्याला सगळ्यांना हळदीकुंकू लागतं आणि मग नारळ फुटतो. आईनं डबीही पाटावर मांडायला लावली. मी झाकण लावूनच ठेवली होती. आई म्हणाली, झाकणाला कुकू लावून काय उपयोग, मशीनला लावलं पाहिजे.

मी नाही म्हणू शकले असते. पण गंमत अशी की खंडेनवमीला प्रयोगशाळेत दरवर्षी मीच सगळ्या मीटरना कुंकू लावते, आणि साहेबांनी नाक मुरडलं तर त्यांना दोन शब्द ऐकवते. त्यामुळे मी स्वतःच्या हातानं चार स्क्रू काढले आणि डबी आईपुढे उघडी धरली. आईनं ओलं कुंकू बोटावर घेतलं, आत नीट बघितलं आणि तिला त्यात देवासारखं जे दिसलं त्याला टिळा लावला. तो निळा ठोकळा. मग नारळाचं पाणी यारीवर शिंपडलं, चार थेंब डबीतही पडले.

पाणी मी रुमालानं टिपून घेतलं. कुंकू तसंच होतं, ठोकळ्यावरून खाली ओघळून त्याच्या पायांशी जमलेलं. ते पुसायला हवं हे मला कळत होतं. रुमाल हातात होता. पण समोर भावजय उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, नवऱ्याच्या जिवाची राखण करणारं मशीन बघायला आलेली. तिच्या देखत, पाडव्याच्या दिवशी, त्याच्या नावानं लावलेलं कुंकू मी पुसायचं? माझा हात उठला नाही. नंतर स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप पुसता आलं असतं, तेही केलं नाही. मनात म्हटलं, वाळेल, आणि वाळलंच. संध्याकाळी मीटर लावून पाहिलं. पाच. आईच्या चुलीवर पिंप ठेवून पुन्हा निखाऱ्यांची परीक्षा घेतली. डबी वाजली. मी झाकण बंद केलं आणि निश्चिंत मनानं इस्लामपूरला परत आले.

त्यानंतर महिनाभर डबीचं कौतुकच कानांवर आलं. ते डबी दोरानं खाली सोडत, दहा मिनिटं कान देत, आणि वर घेत. एका विहिरीत ती लगेच वाजली. भावानं माणसं दोन तास थांबवली, पुन्हा सोडली, तेव्हा गप्प राहिली. मग सगळ्यांचाच विश्वास बसला. लांबच्या गावांतून लोक विचारायला लागले की तसली डबी कुठं मिळते. भाऊ सांगायचा, आमच्या आक्कानं केलीया, बाजारात न्हाई मिळायची. मला ते ऐकून किती बरं वाटायचं हे लपवण्यात अर्थ नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग मांडून देणाऱ्या बाईनं स्वतः केलेली ती पहिली वस्तू होती.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. कंदील सोडणं बंद झालं होतं. लिंबाचा डहाळा कोणी तोडत नव्हतं. दुपारपर्यंत थांबणं कधीच सुटलं होतं, आणि भावानं कमरेचा दोर बांधायचं सोडलं होतं, कारण काम करताना तो पायात येतो. डबी होती ना.

एप्रिलच्या अखेरीला कॉलेजला सुट्टी लागली आणि मी माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या कामावर जाऊन बघायचं ठरवलं. भाऊ पहाटेच गेला होता. मी आष्ट्याहून आणलेलं चुरमुऱ्यांचं भडंग पिशवीत घेतलं आणि चालत निघाले, विहीर गावापासून मैलभर होती. नऊ वाजले असतील. ऊन तेव्हाच अंगाला चावत होतं. विहिरीजवळ एक बाभळ आहे, तिच्यावर पारवे बसले होते, वीस-पंचवीस तरी. ते पारवे विहिरीच्या कपारीत राहणारे. माणसं आली की उडतात आणि थोड्या वेळानं एकेक करून परत आत शिरतात. त्यातला एकही आत जात नव्हता. मी ते पाहिलं, आणि पुढे गेले.

काठावर सात-आठ माणसं बसली होती. यारी चालवणारा गडी भावापेक्षा वयानं मोठा, शांत माणूस, त्यानं मला बसायला पोतं टाकलं. भावानं मला सगळं सांगितलं, मुलानं प्रगतिपुस्तक दाखवावं तशा उत्साहानं. आज त्यानं डबीची जास्त कडक परीक्षा घेतली होती. नेहमीसारखं दहा मिनिटं नाही, पहाटे इंजिन चालू केलं तेव्हापासूनच डबी खाली सोडून ठेवली होती. इंजिन चालू असेपर्यंत ती सारखी बोंबलत होती. इंजिन बंद केल्यावरही वाजत होती. तासाभरानं थांबली. आता थांबून अर्धा तास झाला होता.

"वाजायची थांबली म्हंजे गॅस गेला," भाऊ म्हणाला. "उतरू का आक्का?"

एरवी तो मला विचारत नसे. आज मी तिथं होते म्हणून मान दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काठावरून वाकून पाहिलं. साठ फूट खाली काळं पाणी आणि चिखल, मध्ये टप्प्यावर इंजिन, आणि दोराच्या टोकाला डबीवरचा हिरवा दिवा. दिवा चालू होता, म्हणजे वीज होती. विहिरीतून गार, दमट हवा तोंडावर आली. मला काहीतरी खटकलं. इतका धूर तासाभरात कुठं गेला, असं मनात आलं, कारण वारा पडलेला होता आणि विहिरीचं तोंड अरुंद होतं. पण मी मनातल्या मनात स्वतःलाच दटावलं. चौदा पानं आकडे लिहिलेत बाई तू, आता माणसांसमोर शंका काढतेस? मी म्हणाले, "उतर."

तो बादलीत उभा राहून खाली गेला. एकटाच, त्याच्या नियमाप्रमाणे. कमरेला दोर नव्हता, ते मी तेव्हाच पाहिलं, आणि बोलायचं म्हणेपर्यंत तो अर्ध्यात पोचला होता. पहिली बादली वर आली, गाळानं भरलेली. गड्यांनी ती रिकामी केली. खाली उतरायला दुसरा तयार झाला, तर भावानं खालून हातानंच थांबवलं, अजून एक बादली म्हणून. दुसरी बादली यायला वेळ लागला. ती वर आली तेव्हा अर्धीच भरली होती. यारीवाला म्हणाला, आज आळशी झाला जणू हवालदार. सगळे हसले, मीही.

त्या दुसऱ्या बादलीबरोबर त्यानं डबीही वर पाठवली होती. पहाटेपासून चालू असल्यामुळे बॅटरी बदलायची, असं आधीच ठरलेलं होतं. डबी माझ्या हातात आली. बाहेरून घामेजलेली होती, उन्हाळ्यात थंड पाण्याचा तांब्या असतो तशी. मी झाकण काढलं. आतही दव होतं. निळ्या ठोकळ्याखालचं कुंकू ओलं झालं होतं आणि त्याचा रंग पसरून पट्टीवर दोन बोटं गेला होता. पर्समध्ये मीटर होताच, तो मी कायम ठेवते. त्याची टोकं लावली.

तीन पूर्णांक चार.

आधी वाटलं, टोकं नीट टेकली नसतील. पुन्हा लावली. तीन पूर्णांक चार. एवढ्यावर हिरवा दिवा लागतो, पण सेन्सर तापत नाही, आणि न तापलेल्या सेन्सरला काही कळत नाही. वायू गेला म्हणून डबी गप्प झाली नव्हती. ओल धरत गेली, कुंकवातून वीज भलतीकडे झिरपत गेली, आणि डबी बहिरी झाली होती. माझ्या डोळ्यांदेखत उन्हानं पट्टी वाळायला लागली आणि आकडा चढू लागला. तीन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक नऊ. म्हणजे वर आणून कितीही वेळा तपासली असती तरी ती मला पाचच दाखवणार होती. नऊ दिवस मी जे केलं आणि पाडव्याला जे केलं, ते सगळं कोरड्या जागी केलं होतं.

मी ओरडले, त्याला वर काढा. यारीच्या इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. मी जाऊन यारीवाल्याचा दंड धरला आणि त्याच्या कानात सांगितलं. त्यानं बादली सोडली. सगळ्यांनी काठावरून हाका मारल्या. भाऊ खाली चिखलात बसला होता, फावडं मांडीवर घेऊन, दमलेला माणूस बांधावर बसतो तसा. त्यानं वर पाहिलं. हात हलवला. बादली त्याच्यापासून चार हातांवर टेकली तरी तो उठला नाही.

मघाशी खाली जायला निघालेला गडी चपला काढून यारीच्या दोराकडे धावला. मी त्याचा सदरा मागून धरला. तो मला हिसडा देऊन म्हणाला, "सोडा आक्का, मरंल की तो." मी म्हणाले, तू उतरलास तर दोन मरतील. मी त्याला सोडलं नाही. सदरा फाटला, तरी सोडलं नाही. हे मी कसं केलं मला अजून कळत नाही, कारण खाली माझा भाऊ होता आणि त्याला आणायला निघालेला तो एकटाच माणूस होता.

मग यारीवाल्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. त्यानं काठावर गुडघे टेकले आणि फौजेतल्या साहेबानं द्यावा तसा हुकूम सोडला, भावाचा हुद्दा घेऊन, उठ आणि बादलीत बस. त्याला ते कसं सुचलं देव जाणे. भाऊ उठला. पाय त्याचे ऐकत नव्हते, तो गुडघ्यांवर रांगत बादलीपर्यंत गेला, आणि आत बसता आलं नाही तेव्हा बादलीच्या कडीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून त्यावर ओणवा पडला. इंजिन पुन्हा चालू झालं. साठ फूट तो तसाच लटकत वर आला. पाय बादलीच्या बाहेर होते. मी तेवढा वेळ मोठ्यानं काहीतरी बोलत होते असं नंतर लोकांनी सांगितलं. मला आठवत नाही.

त्याला बाभळीखाली निजवलं. तो ओकला. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. मी आणलेल्या भडंगावरून माणसांचे पाय जात होते. तेवढ्यात एक गडी डबी हातात घेऊन माझ्याकडे आला. त्यानं मीटरची टोकं माझ्यासारखीच लावून बघितली होती. "आक्का, पाच दावतंय की," तो म्हणाला. "मशीन बरूबर हाय. ऊनच लागलं आसंल." मी बघितलं. बरोबर पाच होते. भोंगाही तयार होता. मी त्याच्या हातातून डबी घेतली आणि भावाला तासगावला न्यायला कुणीतरी आणलेल्या मोटारीत पायांपाशी टाकली.

तासगावच्या दवाखान्यात आणखी एक यंत्र खोटं बोललं. बोटाला लावायचा चिमटा त्याच्या बोटाला लावला, तर त्यात अठ्ठ्याण्णव आले. कंपाउंडर म्हणाला, ऑक्सिजन एकदम नॉर्मल आहे, सलाईन लावू. मी त्याच्यावर तुटून पडले. त्या चिमट्याला हा वायू ओळखता येत नाही, हे मी डबी करताना वाचलं होतं. मी आरडाओरडा केला म्हणून आतून डॉक्टरीणबाई आल्या, वयानं लहान, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, विहिरीत इंजिन होतं का. हो म्हटल्यावर त्यांनी चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंडावर मास्क चढवला आणि नळी पूर्ण सोडली. पुढचे दोन तास मी त्या मास्कच्या आत उमटणारी आणि पुसली जाणारी वाफ बघत बसले. यंत्रावर ठेवायचा विश्वास माझ्यात उरला नव्हता.

दुपारी आई आणि भावजय आल्या. तोवर तो डोळे उघडून माणसं ओळखायला लागला होता. भावजय त्याच्या पायाशी बसली आणि तिनं त्याचा पाय धरला तो सोडला नाही. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, एवढं चांगलं मशीन, ते बिघडलं कसं. तिच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला सकाळच्या पूजेचं कुंकू होतं. मी खरं सांगितलं असतं तर ती पुढचं सगळं आयुष्य त्या बोटाकडे बघत राहिली असती. आणि ते खरं तरी पूर्ण खरं कुठं होतं? झाकण मी उघडलं होतं. रुमाल माझ्या हातात होता. मी म्हणाले, आई, मी नीट तपासलं नव्हतं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला त्या हाताची लाज वाटली.

चारच्या सुमाराला त्या दोघी चहा घ्यायला खाली गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मास्क थोडा वेळ काढायला परवानगी दिली होती. भावाचे ओठ कोरडे पडले होते, मी चमच्यानं पाणी दिलं. मग मी त्याला कुंकवाचं सगळं सांगितलं, रुमालासकट. त्याला सांगणं भाग होतं. तो छताकडे बघत ऐकत होता. रागावेल असं वाटलं होतं, रागावला असता तर मला बरंच वाटलं असतं. त्याला माझ्यावर रागावण्यासारखं काही दिसतच नव्हतं. उलट आपल्याकडूनच काही चूक झाल्यासारखा तो समजावून सांगायला लागला.

"पहिली बादली भरतानाच डोकं फुटाय लागलं हुतं आक्का. आदी तसं कवा झालं असतं तर मी तवाच वर आलो असतो. पर तुजी डबी वाजंना. म्हनून म्हटलं, काय न्हाई, आपल्यालाच वाटतंय."

डबी नसती तर तो पहिल्याच बादलीला वर आला असता. फौजेत आणि विहिरीत मिळून वीस वर्षं ज्या डोक्यानं त्याला जिवंत ठेवलं, ते डोकं त्याला वर जा म्हणून सांगत होतं, आणि त्यानं माझं ऐकलं. हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि बोलून झाल्यावर त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मास्क स्वतःच तोंडावर ओढून घेतला.